कुलपाआधीची फेरी

आमच्या दवाखान्यातल्या सगळ्या सुधारणा मी आणल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको, की बाई, हे सगळं होत होतं तेव्हा तुम्ही कुठे होतात? मी तिथेच होते. दाराला कुलूपही मीच लावलं.

दवाखाना सासऱ्यांनी काढलेला. जपानच्या सान-इन किनाऱ्यावर आमचं लहानसं बंदर आहे, तिथल्या मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत. सासऱ्यांना गाव मोठे सेन्सेई, म्हणजे मोठे डॉक्टर, म्हणायचं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली तरी अजून म्हणतं. माझे यजमान, ओची हारुकी, बावन्न वर्षांचे झाले तरी धाकटे सेन्सेईच. आणि मी रित्सुको, कागदोपत्री दवाखान्याची व्यवस्थापक, पण गावाच्या तोंडी नुसती ओकुसान, डॉक्टरांची बायको. माझं माहेर हिरोशिमाचं. लग्नाला वीस वर्षं झाली तरी गावाने मला पाहुणीसारखंच वागवलंय. चहा मिळतो, बातम्या मिळत नाहीत.

सांगायचंय ते फुकुमा तोमिएसानबद्दल. त्या आमच्या स्वागताच्या खिडकीत तेहतीस वर्षं बसल्या. तेविसाव्या वर्षी आल्या, तेव्हा केस काळेभोर होते म्हणतात. मी पाहिलं तेव्हापासून करडेच. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईबरोबर राहिल्या, मग एकट्या. डब्यात भाताचे दोन गोळे, आत खारवलेलं आंबट उमेचं फळ. रजा नाही, उशीर नाही, आजारपण तर नाहीच. आम्ही त्यांना थट्टेने म्हणायचो, दवाखान्यात राहून आजारी न पडणारं हे एकच माणूस.

सकाळी साडेसहाला म्हातारी माणसं येऊन दाराबाहेरच्या पेटीत आपापलं कार्ड टाकून जायची आणि साडेआठला परत यायची. कार्ड ज्या क्रमाने पडलं तोच नंबर. तो क्रम तोमिएसान कधी मोडायच्या नाहीत, पण वाकवायच्या. एखाद्याचा चेहरा पाहून त्या उठायच्या आणि पहिल्या नंबरच्या माणसाजवळ जाऊन हळूच म्हणायच्या, "इशितोबीसान, तुमचा गुडघा चाळीस वर्षं दुखतोय. अजून दहा मिनिटं दुखेल ना?"

"दहाच हं! नाहीतर दुपारचं जेवण इथेच वाढायला लागेल."

"वाढीन की. उमे चालेल ना?"

इशितोबीसान गुरगुरत परत बसायचे. वाद संपला.

आणि त्या जोडे बघायच्या. आमच्याकडे जोडे दारात काढून हिरव्या सपाता घालायची पद्धत होती. दाराशी लाकडी मांडणी, आणि ती तोमिएसानच्या खिडकीतून नीट दिसायची. कुणाची टाच झिजलीय, कुणाच्या नाड्या बांधायला आता सून लागते, सगळं पाठ. एकदा त्या तपासणीच्या खोलीत जाऊन म्हणाल्या, "सेन्सेई, कादोवाकींच्या सुए आजींनी आज डावा जोडा चेपून घातलाय. पाय आत जात नाहीये." यजमानांनी पाय पाहिला, सूज होती. हृदयाचं दुखणं निघालं. आजी वेळेवर शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात गेल्या आणि बऱ्या होऊन आल्या.

बंद करायच्या वेळी तर तोमिएसानचा एक विधीच असायचा. मांडणीपुढे हात जुळवून उभं राहायचं, एकेक खण बघायचा. मग आत जाऊन प्रत्येक पडद्यामागे डोकवायचं, स्वच्छतागृहाचं दार उघडून बघायचं, आणि पुन्हा मांडणीपाशी. बारा मिनिटं. हा आकडा माझा नाही, हिशिदासानचा.

हिशिदासान ओसाकाचे. लहान दवाखान्यांच्या कारभाराची घडी बसवून देणं हा त्यांचा धंदा. मात्सुए शहरात मी त्यांचं एक व्याख्यान ऐकलं आणि भाळले. भाळायला कारणही होतं. आमच्याकडे माणसं दोन दोन तास ताटकळायची, फोन वाजून वाजून थकायचा, नर्स नोत्सुसानला दुपारचं जेवण तीन वाजता मिळायचं. काहीतरी करायलाच हवं होतं, हे मी आजही म्हणते.

हिशिदासान आठवडाभर घड्याळ घेऊन आमच्यामागे फिरले. मग त्यांनी सगळ्यांना पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या. दिवसभरात करतो ते एकेक काम एकेका चिठ्ठीवर लिहायचं, खाली ते का करतो ते लिहायचं, आणि चिठ्ठी भिंतीवर चिकटवायची. तोमिएसानच्या शेहेचाळीस चिठ्ठ्या झाल्या. पंचेचाळिसांवर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात कारण होतं. एकीवर नुसतं 'जोडे बघणे'. खाली कोरं.

"फुकुमासान, इथे कारण राहिलं," हिशिदासान म्हणाले.

"हो."

"मग लिहा ना."

"सवय आहे."

"सवय म्हणजे कारण नव्हे. रोज बारा मिनिटं, म्हणजे वर्षाचे पन्नासेक तास. वर्षाला पन्नास तास तुम्ही जोडे बघता!"

नोत्सुसान म्हणाली, "एखादा चांगला जोड दिसला की पळवायचा बेत असेल त्यांचा!" सगळे हसले. मीही हसले. तोमिएसानसुद्धा हसल्या, पण त्यांचे कान लालभडक झाले होते. मला वाटलं, लाजल्या.

ती चिठ्ठी हिशिदासाननी भिंतीवरून काढली आणि चुरगळून खिशात घातली.

उन्हाळ्यापर्यंत आमचा दवाखाना ओळखू येईना. दारातली पायरी गेली, चढण आली, चाकाची खुर्ची सरळ आत येऊ लागली. जोडे घालूनच आत यायचं, त्यामुळे मांडणीही गेली. कार्डांची पेटी गेली, फोनवरून वेळ ठरवायची सोय आली. खिडकीत मोठी स्क्रीन लागली: कोण आलं, कोण आत आहे, कुणाचं झालं. औषधाची चिठ्ठी छापली की माणसाचं नाव आपोआप पुसलं जायचं. ताटकळणं दोन तासांवरून पंचवीस मिनिटांवर आलं. हिशिदासाननी पुढच्या व्याख्यानात आमचा फोटो दाखवला. मी हुरळून गेले, खोटं कशाला बोलू.

खिडकीला आता माणूस लागत नव्हतं. तोमिएसानना मी मागच्या खोलीत बसवलं. तिथे सासऱ्यांच्या काळापासूनचे रुग्णांचे कागद खोक्यांत भरून ठेवले होते. ते एकेक करून मशीनवर घालायचे आणि संगणकात साठवायचे. त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. फक्त जुलैत एकदा, सगळे गेल्यावर, मी त्यांना पडद्यांमागे डोकावताना पाहिलं.

"तोमिएसान, स्क्रीनवर शून्य आहे ना?"

"आहे."

"मग?"

"सवय, ओकुसान."

"सोडा आता ही सवय. आपण एवढा खटाटोप केला तो कशासाठी?"

त्यांनी वाकून नमस्कार केला. "बरं."

ऑगस्टमधला तो शनिवार, ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, सुट्टीआधीचा. शनिवारी दवाखाना अर्धा दिवस. दुपारी आम्ही दोघं हिरोशिमाला निघणार होतो, माझ्या आईवडिलांच्या थडग्यावर पाणी घालायला. उन्हाने बाहेर नुसता जाळ झाला होता. साडेअकराला सुए आजींना त्यांची सून घेऊन आली. उन्हाने आजींना गरगरत होतं. यजमानांनी सलाइन लावायला सांगितलं. मधल्या पडद्यामागच्या खाटेवर आजी आडव्या झाल्या. सुनेने औषधाची चिठ्ठी घेतली आणि नोत्सुसानला म्हणाली, "संपलं की फोन करा हं, मी न्यायला येते."

नव्या वेळापत्रकाप्रमाणे नोत्सुसान साडेबाराला घरी गेली. आधी असली सोपवणी तोंडी व्हायची, तोमिएसानच्या खिडकीशी उभं राहून. आता ती स्क्रीनवर व्हायची. आणि औषधाची चिठ्ठी छापून झाली होती, त्यामुळे स्क्रीनवर सुए आजी नव्हत्या. यजमानांना वाटलं, सलाइन नोत्सुसानने काढलं असेल. ते कपडे बदलायला घरात गेले.

एक वाजता मी स्क्रीन पाहिली. शून्य. एसी बंद केला, दिवे मालवले, मागच्या खोलीत हाक मारली, "चला तोमिएसान, आम्हाला निघायचंय."

त्या दारापर्यंत आल्या आणि थबकल्या. जिथे मांडणी असायची त्या रिकाम्या भिंतीकडे त्यांनी पाहिलं. "ओकुसान, एकदा आत जाऊन..."

"तोमिएसान!" मी म्हटलं. एवढंच.

"बरं," त्या म्हणाल्या. मी कुलूप लावलं.

पावणेतीनला तोमिएसानचा फोन आला तेव्हा आम्ही डोंगरातल्या हमरस्त्यावर होतो.

"ओकुसान, सुए आजी आत आहेत."

"कुठे आत?"

"दवाखान्यात. त्यांची सून मला टोफूच्या दुकानात भेटली. म्हणाली, आज सलाइनला फार वेळ लागतोय, अजून फोन कसा नाही आला."

"अहो, शक्यच नाही! स्क्रीनवर शून्य होतं, मी स्वतः पाहिलं."

"किल्ली कुठे आहे?"

मी पर्सकडे पाहिलं. "माझ्याकडे."

तोमिएसान म्हणाल्या, "बरं," आणि पाठोपाठ काच फुटल्याचा आवाज आला.

 यजमानांनी गाडी कशी वळवली, आम्ही कसे परत आलो, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी सबंध रस्ताभर "शून्य होतं, शून्य होतं" म्हणत होते आणि शेवटी यजमान माझ्यावर खेकसले. आम्ही पोचलो तेव्हा रुग्णवाहिका निघून गेली होती. दाराच्या काचा, त्यावर रक्त. आत भट्टी. मधल्या खाटेवर चादर बोळा होऊन पडलेली, सलाइनची पिशवी रिकामी, नळीत रक्त उलटं चढलेलं. खुब्याच्या दुखण्यामुळे आजींना एकट्याने खाटेवरून उतरता येत नव्हतं. त्यांनी हाका मारल्या होत्या. हाका मारून मारून त्यांचा घसा बसला होता. मी जिथे उभी राहून एसी बंद केला तिथून ती खाट पंधरा पावलांवर आहे. मी मोजली.

आजी वाचल्या. चार दिवस शहरात ठेवलं त्यांना.

सोमवारी, दवाखाना सुट्टीचा बंद असताना, यजमान आरोग्य खात्याला द्यायचा अहवाल लिहायला बसले. पहिलं वाक्य लिहून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला: 'स्वागतकक्षाकडून अंतिम तपासणी राहून गेली.'

"स्वागतकक्ष म्हणजे कोण?" मी विचारलं. 

तेवढ्यात तोमिएसानच आल्या. उजव्या हाताला बँडेज, डाव्या हातात पांढरं पाकीट. "आत कोण आहे हे बघायचं काम माझं होतं. मी न बघता बाहेर पडले. ह्यात लिहिलंय सगळं. शिक्का मारलाय." त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं, वाकल्या आणि निघून गेल्या.

मला हायसं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. यजमानांच्या चेहऱ्यावरचा ताणही उतरला. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता चहा प्यायलो.

दुपारी शहरातल्या हॉस्पिटलातून फोन आला: सुए आजींना पूर्वी कुठल्या औषधाचा त्रास झाला होता का, जुना कागद बघून सांगा. मी मागच्या खोलीत गेले. तोमिएसाननी खोक्यांवर सालं घातली होती. शोवा एकसष्टच्या खोक्यात, म्हणजे एकतीस वर्षांपूर्वीच्या, आजींचा कागद सापडला. त्याच्या खाली एक पांढरं पाकीट होतं, पिवळं पडलेलं.

'आत कोणी आहे की नाही हे न पाहता मी कुलूप लावले. त्यामुळे नागामी योशिझोसान काही वेळ आत राहिले. चूक सर्वस्वी माझी आहे. मोठ्या सेन्सेईंचा ह्यात काही दोष नाही.' खाली फुकुमा तोमिए आणि तांबडा शिक्का.

मी धावत जाऊन टेबलावरचं पाकीट फोडलं. तेच. शब्दन् शब्द तेच. नागामींच्या जागी कादोवाकी सुए, मोठ्या सेन्सेईंच्या जागी धाकटे. अक्षर तेवढं म्हातारं झालं होतं.  माणसाला माफी अशी पाठ असते? कितीदा मनात म्हटली असेल त्यांनी ती?

दोन्ही पत्रं घेऊन मी तोमिएसानच्या घरी गेले. जुनं पाहून त्यांनी डोळे मिटले. "ते खोकं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं," म्हणाल्या.

"काय झालं होतं?"

"गुरुवार होता, अर्धा दिवस. मी पोस्टात गेले होते. परत आले तर मोठे सेन्सेई टोपी घालून दारात उभे. कुणाच्या तरी लग्नाला निघाले होते. म्हणाले, आत कुणी नाही, लाव कुलूप. मी लावलं. दुपार कलल्यावर नागामींची बायको नवऱ्याला शोधत आली, तेव्हा मीच दार उघडलं. त्यांचं अर्धं अंग लुळं होतं, ओकुसान. त्यांना धड हाकही मारता येत नव्हती. सेन्सेईंनी स्वतः सुई लावली होती आणि विसरून गेले होते." त्यांनी जुनं पत्र परत पाकिटात घातलं. "मांडणीत त्यांचा जोड होता. मी पाहिलं असतं तर दिसला असता."

"मग पत्र तुम्ही का लिहिलंत?"

"सेन्सेईंनी सांगितलं म्हणून. गावात दुसरा डॉक्टर नव्हता. म्हणाले, माझं नाव गेलं तर लोकांनी जायचं कुठे?"

"आणि तुमचं नाव?"

"मी पंचवीस वर्षांची होते. मला वाटलं, लोक विसरतील." त्या बँडेजवरून बोट फिरवत राहिल्या. "नागामीसान चाळीस दिवसांनी गेले. त्याच साली कात्सुबेंकडे माझं ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हा कळलं, विसरले नाहीत."

"हिशिदासाननी कारण विचारलं तेव्हा तरी सांगायचं होतं! मी ती मांडणी काढली नसती!"

माझा आवाज चढला होता. तोमिएसाननी माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी एखाद्या हट्टी पेशंटकडे टाकायच्या. "कारण लिहायचं म्हणजे कुणाचं तरी नाव लिहावं लागलं असतं, ओकुसान. कुणाचं लिहू?"

घरी येऊन मी दोन्ही पत्रं यजमानांपुढे ठेवली. तेव्हा ते वैद्यकीय कॉलेजात होते, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. "बाबा असं करणार नाहीत," ते म्हणाले. मग जुन्या पत्रावरची तारीख पाहिली. ती सासऱ्यांच्या अक्षरात होती. त्यांनी पत्र पालथं घातलं. शेवटी म्हणाले, "पण आता हे उकरून काय मिळणार?"

"तोमिएसानच्या नव्या पत्रावर अजून तारीख नाहीये," मी म्हटलं. "तुम्ही घालता का?"

त्यांनी अहवाल फाडला. नव्याने काय लिहावं, हे मात्र त्यांना सुचेना.

सुए आजी घरी आल्या, तेव्हा आम्ही मिठाईचा डबा घेऊन माफी मागायला गेलो. तोमिएसानना मी येऊ नका म्हणून सांगितलं होतं. त्या काळा सूट घालून आमच्या आधीच गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. आजी चटईवर उशीला टेकून बसल्या होत्या, आवाज अजून घोगरा. आम्ही तिघांनी कपाळ चटईला टेकवलं. यजमान "आमच्याकडून..." एवढं म्हणतायत, तोच तोमिएसान म्हणाल्या, "चूक माझी आहे," आणि त्यांनी आणखी एक पांढरं पाकीट मिठाईच्या डब्याशेजारी सरकवलं.

"पुन्हा तू?" सुए आजी म्हणाल्या.

कुणी डोकं वर केलं नाही.

"पुन्हा तुलाच पाठवलं का गं ह्यांनी? योशिझोच्या वेळीही तूच आली होतीस. डबा घेऊन, दाराबाहेर कपाळ टेकून बसली होतीस. मी आतच होते, चहा करत. योशिझो माझा मावसभाऊ."

"तेव्हा मी न बघता..." तोमिएसान म्हणू लागल्या.

"अगं तू कुठे होतीस तिथे! योशिझोचं अंग लुळं झालं होतं, जीभ नव्हती झाली. चाळीस दिवस तो आल्यागेल्याला बोबडं बोबडं सांगायचा, सुई सेन्सेईने लावली, पडदा सेन्सेईने ओढला, ती पोरगी नव्हतीच."

तोमिएसानचं डोकं वर आलं. "कुणाला सांगायचे?"

"सगळ्यांना. अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे."

"सगळ्यांना," तोमिएसान म्हणाल्या. "मग कुणी बोललं का नाही?"

आजींनी सुनेकडे पाहिलं, मग चटईकडे. "गावात एकच डॉक्टर. कुणाच्या पोराला ताप आला तर जायचं कुठे? आणि तू तरी कुठे काही बोललीस? आम्हाला वाटलं, तुला चालतंय."

मी माझ्या गुडघ्यांकडे बघत होते.  वीस वर्षं मी ह्या बाजारातून मासे घेतले, ह्यांच्याबरोबर देवळाच्या जत्रेत भात शिजवला. सगळ्यांना माहीत होतं. सगळे तोमिएसानना हसून "कशा आहात" म्हणत होते, आणि सगळ्यांना माहीत होतं.

"कात्सुबेंना पण?" तोमिएसाननी विचारलं. इतक्या हळू, की मला वाटलं आजींना ऐकू गेलं नाही.

गेलं होतं. "जाऊ दे ना आता ते," आजी म्हणाल्या.

"सांगा."

"त्यांना पण. त्यांची म्हातारी म्हणाली होती, मालकासाठी एवढी मोठी गोष्ट जी पोरगी गिळून टाकते, ती उद्या आपल्या घरात काय काय गिळेल, कळायचंसुद्धा नाही."

तोमिएसानचा चेहरा पांढराफटक पडला.  एकतीस वर्षं ज्या गुन्ह्याची शिक्षा भोगतोय असं वाटत होतं, तो गुन्हा कुणी त्यांच्यावर कधी धरलाच नव्हता. धरलं होतं ते त्यांचं गप्प बसणं.

"एकतीस वर्षं," त्या शेवटी म्हणाल्या, "मी बाजारात मान खाली घालून भाजी घेतेय."

मग त्यांनी हात पुढे केला, मिठाईशेजारचं पाकीट उचललं, दोनदा घडी घातली आणि आपल्या पिशवीत टाकलं. आजींना नमस्कार न करता उठल्या. मी त्यांना नमस्कार विसरताना कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही घाईघाईने मागोमाग बाहेर आलो. त्या गल्लीच्या मधोमध थांबल्या होत्या. "सेन्सेई," त्या यजमानांना म्हणाल्या, "सोमवारच्या सकाळच्या सभेत कुलपाआधी आत बघायचा नियम लावा. आणि खाली कारण लिहा. नावांसकट. नाही लिहिलंत तर मी येणार नाही, आणि का येत नाही ते बाजारात उभी राहून सांगेन."

"लिहितो," यजमान म्हणाले.

सोमवारी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही नेहमीसारखे ओळीने उभे राहिलो. नोत्सुसान रडून आली होती. फोन करायचा राहिला, हे तिला त्या दिवसापासून खात होतं. भिंतीवर यजमानांनी स्वतः लिहिलेला कागद होता. त्यांनी तो मोठ्याने वाचायला घेतला.

"कुलूप लावण्याआधी एका माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी प्रत्येक पडद्यामागे बघायचं, स्क्रीनवर काहीही असो. कारण, ह्या ऑगस्टमध्ये ओची हारुकी आणि ओची रित्सुको हे दोघे कादोवाकी सुए ह्यांना आत विसरले. आणि शोवा एकसष्ट साली डॉक्टर ओची सेइझो, म्हणजे..." इथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे माझे वडील, नागामी योशिझो ह्यांना आत विसरले. नागामीसान काही वेळ..."

"काही वेळ नाही," तोमिएसान म्हणाल्या.

यजमान थांबले.

"तीन तास दहा मिनिटं. दार उघडल्यावर मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं होतं. पत्रात मी तेच लिहिलं होतं. मोठ्या सेन्सेईंनी ते खोडायला लावलं."

यजमानांनी खिशातून पेन काढलं, 'काही वेळ' खोडलं आणि वर तीन तास दहा मिनिटं लिहिलं.  त्यांना वाटलं झालं, म्हणून ते पेनाचं टोपण लावायला लागले.

"अजून," तोमिएसान म्हणाल्या. "खाली लिहा. फुकुमा तोमिए तेव्हा पोस्टात होती."

त्यांनी लिहिलं. तोमिएसान पुढे झाल्या, चष्मा लावला आणि त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी ती सावकाश वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आता दार उघडा. माणसं उन्हात उभी आहेत."